फुकटाला भिणारे काका

तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे, असं आमच्या घरमालकांइतक्या वेळा सांगणारा माणूस अख्ख्या परळी वैजनाथमध्ये दुसरा झाला नाही, आणि फुकटाला त्यांच्याइतका घाबरणाराही झाला नाही. कुणाला विंचवाचं भय असतं, कुणाला सासूचं. काकांना उपकाराचं होतं. थर्मलच्या वीजकेंद्रात उभी हयात बॉयलरपुढे काढलेला हा दांडगा गडी, पण कुणी हातात चहाचा कप दिला की कोर्टाचं समन्स आल्यासारखा चेहरा व्हायचा. कप निम्मा व्हायच्या आत ते खिसे चाचपायला लागत आणि एखादी लवंग, पेपरमिंटची गोळी, अगदीच काही नाही तर सुतळीचा तुकडा काढून यजमानाच्या हातावर ठेवत. "असू द्या, उपेगी पडंल," म्हणत. आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाडाला होतो, आणि तेवढ्या वर्षांत आमच्याकडे एवढी सुतळी साठली की बाज विणता आली असती.

आता शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही चाल आपल्याकडे आहेच. आमच्या हिच्या माहेरी तर ती व्रतासारखी पाळत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामं पाठवू नका. काकांनी मात्र या चालीचं युद्ध करून टाकलं होतं. हिनं वाटीभर पिठलं दिलं की वाटीबरोबर पिशवीभर पेरू यायचे. एवढ्या पेरूंचं करायचं काय म्हणून ही भाजी करायची, त्यातली थोडी काकांना द्यायची, की संध्याकाळी त्याच पातेल्यात अंडी हजर. आम्ही अंडी खात नाही. ती मी भिंतीपलीकडच्या चाचांना नेऊन द्यायचो. चाचा म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते मला खजूर द्यायचे, ते खजूर ही काकांकडे पाठवायची, आणि मग पुन्हा पेरू. या चक्रातून सुटका कशी करून घ्यावी हे आम्हाला कधीच कळलं नाही.

काका ख्रिस्ती होते, हे सांगायचं राहिलंच. पाळक वगैरे नव्हते, पण रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन सोमवारी चहाच्या टपरीवर नव्यानं आणि जास्त जोरात व्हायचं. वैजनाथाच्या गावात ते टपरीवरच्या लोकांना देहधारण समजावून सांगत. लोक म्हणत, "सरळ अवतार म्हणा की काका." की काका उसळायचे. "तसं न्हाई! देव निस्ता येऊन गेला न्हाई. माणसावानी जल्मला. भूक लागली, काटा रुतला, बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकला. सर्दी बी झाली असंल."

"सर्दी बायबलात आहे?" मी एकदा विचारलं.

"लिहिलेली न्हाई. पर झालीच असंल. परळीत जल्मला असता तर खोकलला बी असता."

त्यांचं सगळं धर्मशास्त्र असं परळीतून जायचं. आमच्या मुलीच्या बारशाला काका आले. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात घुगऱ्यांची वाटी. काकांनी पाळण्यात वाकून पाहिलं, डोळे भरून आले आणि त्यांनी मायेनं जाहीर केलं, "लई गोड हाय बाई. पापी हाय, पर लई गोड हाय."

बायकांचे घास हातातच राहिले. सासूबाईंनी पाळण्याची दोरी सोडून दिली. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे घर मी मुद्दाम निवडलं होतं.

"आवं, रागावू नका," काका घाईनं म्हणाले. "मी बी पापीच. ह्यो चाचा तर इचारूच नका."

"मला कावून मधी घेतो बे?" चाचा दारातून ओरडले.

तेवढ्यावर गप्प बसतील तर ते काका कसले. ते तडक अंगणात गेले, दोरीवरचं बाळाचं दुपटं काढून आणलं आणि सासूबाईंना विचारलं, "कवा धुतलं?" "सकाळीच." काकांनी दुपट्यावरून बोट ओढलं. बोट काळं. थर्मलची राख आमच्याकडे उन्हासारखीच पडते, तिचं कुणाला नवल नाही. "ह्ये तुमच्या नातीनं केलं का? न्हाई ना? पर परळीत जल्मली, लागली राख. पापाचं तसंच हाय. भट्टी पेटवली पयल्या माणसानं, आदमानं, राख आपल्या दोरीवर."

"मग झटकायची!" ही म्हणाली.

"झटकून बगा."

तिनं रागारागानं झटकायला म्हणून हात मारला, आणि बोटाएवढा डाग पंज्याएवढा झाला. बायका पुढे सरकून पाहायला लागल्या. सासूबाई नको नको म्हणत पुरत्या गुंतल्या होत्या. "मग धुवायचं तरी कुणी?" त्यांनी विचारलं.

"ज्यानं धुवायचं त्यानं धुतलंय, माय. आपल्यासाटी जीव दिला त्यानं. फुकट! आपून निस्तं हात पुढं करून घ्यायचं." काकांचा चेहरा असा उजळला होता की सासूबाईंना राहवलं नाही, त्यांनी घुगऱ्यांची वाटी त्यांच्या हातात दिली. वाटी हातात येताच काका कावरेबावरे झाले आणि खिसे चाचपायला लागले. माझ्या मुलीला बारशात मिळालेली पहिली भेट म्हणजे एक सुतळी आणि दोन लवंगा.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रवचन मात्र आडातून झालं. घरामागे एक कोरडा आड होता, दोन पुरुष खोल. त्यात एकदा चाचांची बकरी पडली. चाचा बाहेर गेले होते. काकांनी काठावरून फास सोडला आणि बकरीला सूचना द्यायला सुरुवात केली. "पाय घाल, पाय घाल... आगं उजवा!" बकरी वर बघून ओरडायची. काका खाली बघून ओरडायचे. ऊन डोक्यावर आलं. शेवटी काकांनी दोरी पेरूच्या झाडाला बांधली, आणि मी नको नको म्हणत असताना स्वतःच खाली उतरले. तळाला पाय टेकतात न टेकतात तोच झाडाची गाठ सुटली आणि दोरी त्यांच्या मागोमाग आडात येऊन पडली.

काकांना त्याचं काही नाही. खालून आवाज आला, "आता समजलं का देहधारण? वरून वरडून भागत न्हाई! खाली उतरावं लागतं!"

"समजलं काका. पण आता वर कसे येणार?"

आडात पडलेली दोरी चाचपल्याचा आवाज. मग बारीक आवाज, "चाचाला बलवा."

चाचा इंजिन उचलायची लोखंडी तिकाटी आणि चेन-पुली घेऊन आले. "आदी तिला," काका खालून म्हणाले. बकरी सुरुवातीला लाथा झाडत होती, मग दमून गप उभी राहिली, तेव्हा कुठं बांधता आली. ती वर आली, मग ट्रॅक्टरच्या इंजिनासारखे लोंबकळत काका आले, सदरा लेंड्यांनी माखलेला. त्यानंतर कितीतरी महिने उपकार नक्की कुणाचा कुणावर यावर दोघांचं भांडण चाललं. चाचा म्हणायचे, माझी बकरी तू वाचवलीस. काका म्हणायचे, मला तू काढलंस. त्या वर्षी ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या भिंतीवरून इतक्या वेळा इकडून तिकडं झाल्या की दोन्ही घरांना अजीर्ण झालं.

आणि मग एका डिसेंबरात, नाताळची चांदणी पत्र्यावर लावताना, काका शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नाशिकची लेक आली, नाताळपर्यंत राहिली, "चला माझ्याकडे" म्हणून रडली. काका हलले नाहीत आणि तिची नोकरी थांबेना. तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा ही द्यायची, अंघोळ-दाढी चाचा करायचे आणि उरलेलं सगळं माझ्याकडे होतं.

पडल्या पडल्या काकांनी युद्ध चालू ठेवलं. डब्यातून लिंबं यायची, पेपरमिंट यायची. लिंबं संपली तेव्हा विजेचा बल्ब आला. मग सायकलची घंटी. मग थर्मलमधून निवृत्त होताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ डब्यात मावेना म्हणून डब्यावर बांधून आलं, सुतळीनं. हिनं ते परत नेऊन टांगलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आमच्याकडे. आम्ही हसत होतो, अजून हसायचे दिवस होते.

एका दुपारी डबा जड लागला म्हणून हिनं उघडला, तर तिचीच भाजी, तिच्याच पोळ्या, जशाच्या तशा. "पोटात जागा न्हाई," काका म्हणाले होते. रात्रीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, या वयात अन्न सोडलं तर हाड जुळायचं बाजूलाच, माणूस हाताला लागायचा नाही. काकांचे गाल आत गेले होते. मी घाबरलो. पलंगापाशी बसून विचारलं, "काका, का खात नाही?"

ते भिंतीकडे बघत होते. घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता. "घरात द्यायला काय राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "निस्तं घ्यायचं म्हणलं की घास गिळत न्हाई."

मी गेलो आणि चाचांना घेऊन आलो. चाचा ग्रीसच्या हातांनीच आत शिरले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"आडातली बकरी याद हाय का बे?"

"हाय."

"तिनं तुला काय दिलतं?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "लेंड्या."

"हां. तरी काढलीस ना तिला? लाता मारत व्हती तवर दोरी बांधता येत न्हवती. गप उभी राह्यली, मंग निघाली. बस, तेवढंच केलं तिनं. आता तू बी गप उभा राहा."

"मी पडलोय."

"मंग गप पडून राहा. पर खा."

काकांनी खिळ्यावरची नजर काढून डब्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "जल्मभर लोकाला सांगत फिरलो, फुकट हाय, निस्तं घ्या. घ्यायला इतकं अवघड असतंय व्हय रे?"

"मला काय इचारतो? त्यो तुझा धंदा हाय," असं म्हणून चाचांनी डबा उघडला. मेथीची भाजी होती आणि भाकरी. काकांनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. तीन-चार घासांनंतर म्हणाले, "मीठ कमी हाय."

"फुकटच्याला मीठ बी पायजे!" चाचा म्हणाले, आणि उठून मीठ आणायला गेले.

संध्याकाळी डबा मीच घरी नेला. हिनं झाकण काढून आत पाहिलं, पालथा करून पाहिला. लिंबू नाही, लवंग नाही, सुतळीसुद्धा नाही. स्वच्छ धुतलेला, रिकामा. रिकाम्या भांड्याला अपशकून मानणारी माझी बायको तो डबा पोटाशी धरून ओट्यापाशी उभ्याउभ्या रडली, आणि मग सगळ्या शेजारणींना आनंदानं सांगत सुटली की काकांनी डबा रिकामा पाठवला.

पाय जुळला, पण वाकडा. उन्हाळ्यात लेक येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना हिनं प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, माझ्या आईचं नाव कोरलेल्या जुन्या डब्यात. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. मधेच थांबला. डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "ह्यो काय आता माघारी येत न्हाई बरं का, बाई." चाचा त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेले आणि परत आल्यावर दिवसभर गॅरेजात एकच इंजिन खोलून पुन्हा जोडत बसले.

गेल्या नाताळच्या आधी लेकीचा फोन आला. बाबा शांतपणे गेले म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, त्यांच्या उशाशी एक स्टीलचा डबा आहे, तुमच्याकडचं नाव आहे त्याच्यावर, कुणाला हात लावू देत नव्हते, पाठवून देऊ का?

हिनं फोन माझ्या हातातून घेतला. "रिकामा आहे ना गं?" तिनं विचारलं.

"हो काकू, अगदी रिकामा."

"मग राहू दे," ती म्हणाली.