देवचंदच्या हातातलं कंकण

तर काल सांगत होतो ते हे, की देवचंदने हळदीला अंगाला तेल लावू दिलं नाही. आमच्या सोनगीरच्या बायका वाट्या घेऊन उभ्या, आणि नवरदेव म्हणतो, "कपाळाला बोट लावा, बस." एक जण म्हणाली, "हाऊ नवरदेव शे का कलेक्टर?" सगळा मांडव हसला. त्याची आई पार्वताबाई, म्हणजे माझी चुलत भावजय, ती तेवढी हसली नाही.

देवचंद धुळ्याला आयटीआय शिकला आणि दक्षिणेत उपग्रह बनवतात तिथे लागला. काम काय, तर काच पुसणं. वरून जमिनीचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची काच. मी चिडवायचो, "एवढं शिकून हाती फडकंच ना रे?" एकदा त्याने मला स्वयंपाकघरातल्या देवाच्या तसबिरीपाशी नेलं आणि काचेवरून बोट फिरवलं. बोट पिवळं, चिकट.

"आबा, हिच्यावर कोणी तेल ओतलं का? फोडणीची वाफ उडाली, येऊन बसली. आमच्याकडेही तसंच. वर हवा नसते. डिंक, रबर, रंग, हाताचं तेल, जे राहून गेलं ते हळूहळू उडतं आणि थंड काचेवर बसतं. डोळ्याला दिसणारही नाही इतकं. त्यावर कडक ऊन पडलं की पक्कं होतं. मग पुसायला कोण जाणार?"

म्हणून गडी सहा वर्षं डोक्याला तेल लावत नव्हता. आई म्हणायची, केसांचा कडबा झाला.

लग्न लागलं ब्याण्णव साली. आमच्यात नवरदेवाच्या मनगटाला हळकुंड ओवलेला हळदीचा दोरा बांधतात, कंकण म्हणतात त्याला. वणीच्या गडावर देवीचं दर्शन झालं की मगच तो सोडायचा. दुसऱ्या दिवशी गडावर निघणार, तर सकाळीच तार: ताबडतोब या. कॅमेरा उपग्रहात बसवून बंद करण्याआधी काच शेवटची पुसायची होती आणि जोडीदार आजारी पडला होता. देवचंद कंकण सोडायला लागला, तर पार्वताबाईने मनगट धरलं.

"सोड. पन नवी वहूले काही व्हयनं तर मनाकडे देखू नको."

नवी सून लिलाबाई दारात मान खाली घालून उभी. पोराला आईपुढे बोलता येईना, तार खिशात ठेवता येईना. तेव्हा मीच शहाणा पुढे झालो. "अरे, हातमोजे घालतोस ना? दोरा साबणाने धू आणि वरून मोजा ओढ. कोणाला कळतंय?"

त्याने हळकुंड काढून आईच्या हातात दिलं, दोरा तीनदा धुतला आणि धुळ्याची बस धरली. पंधरा दिवसांनी परत आला, गडावर गेला, कंकण सुटलं. पुढच्या वर्षी कॅमेरा वर गेला तेव्हा मी गावात पेढे वाटले.

आठ महिन्यांनी फोटो फिके यायला लागले. आधी निळा रंग गेला, मग दर महिन्याला थोडं थोडं. काचेवर थर बसला, एवढंच खालून कळत होतं. चौकशी झाली. डिंक असेल, तारांवरचं वेष्टण असेल, रंग असेल. देवचंदने आपण होऊन साहेबाला कंकणाचं सांगितलं. साहेबाने लिहून घेतलं, म्हणाला, "हेही असू शकेल, नसेलही," आणि पान उलटलं. रागावलासुद्धा नाही.

त्या दिवाळीला देवचंद घरी आला. पार्वताबाईने काच साफ होऊ दे म्हणून गडावर नवस बोलला होता, तो त्याने ऐकून घेतला. माझ्या ओट्यावर बसून माझा चष्मा पुसत राहिला. दोन्ही बाजूंनी, उजेडाला धरून, पुन्हा. मला राहवेना.

"देवचंद, खरं सांग. माझ्या सांगण्याने झालं का रे हे?"

त्याने चष्मा माझ्या नाकावर नीट बसवला. मग जे बोलला ते जसंच्या तसं सांगतो:

"‘तुनामुये व्हयनं’ असं कोनी सांगी देतं ना आबा, तर मी एकदाव रडी लेतू. कोनी सांगतच नही, नि पुसाले वर जाता येत नही."