आण्णांच्या खांद्याला पहिला मान

थोरल्या भावाचा जीव घ्यायचा माझा काहीही विचार नव्हता.

आमच्या श्रीगोंद्याच्या घरात एक रीत आहे. नवी वस्तू आली की पहिला मान आण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. नवा ट्रॅक्टर आधी आण्णांनी चालवायचा, नव्या मिक्सरमधली चटणी आधी आण्णांनी चाखायची. माझी लेक रूपाली कबड्डी खेळते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिच्यासाठी स्नायूंना विजेचे झटके देणारं मशीन आलं.

"पप्पा, ह्यानं मांडी वाळत न्हाई, एवढंच. ताकदीला व्यायामच लागतो," असं सांगून ती अंघोळीला गेली. (पुढंही काहीतरी म्हणाली, पण मी खोकं फोडत होतो.)

"आण्णा, बसा! कुठं दुखतंय?"

"डावा खांदा लई अवघडलाय."

"बनियन काढा."

"घरात सुना हायेत! वरनंच लाव."

मी खांद्याखाली बनियनवरच मशीनच्या दोन पट्ट्या दाबल्या आणि बटण फिरवलं.

"काय जाणवतंय?"

"काय बी न्हाई. वाढव!"

वाढवलं. आणखी वाढवलं. बटण शेवटाला टेकलं तेवढ्यात रूपाली बाहेर आली आणि किंचाळली, "पप्पा! आण्णांना पेसमेकर हाय! अशा माणसाला हे लावायचंच नसतं, सांगितलं हुतं ना!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पेसमेकर बसवला तेव्हा गावभर पेढे मीच वाटले होते! वडील गेल्यावर मला लहानाचं मोठं केलं ते आण्णांनी, आणि मी त्यांच्या काळजाशेजारी वीज सोडून बसलो होतो. मशीन बंद करायचं सुचलंच नाही. दोन्ही पट्ट्या ओरबाडून मुठीत धरल्या, आणि सगळा करंट माझ्या मुठीत! मूठ उघडेना. आण्णांच्या अंगातली वीज माझ्या अंगात उतरतेय असं वाटून मी बोंब ठोकली, "मेलो! न्हाई, आण्णा मेले!"

"मी कशाला मरू?" आण्णा म्हणाले.

रूपालीनं मशीन बंद केलं. "बनियनवरनं करंट गेला नसंल. तरी दवाखान्यात चला," म्हणाली, पण तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता. लेकीला घाबरलेलं पाहून मी जास्तच घाबरलो. गाडीत सारखा आण्णांच्या नाकापुढं बोट धरत होतो. बोटाला श्वास जाणवला की हायसं वाटायचं आणि लगेच वाटायचं, हा शेवटचा तर नसेल?

दवाखान्याच्या दारात आण्णा गाडीतून उतरून ताठ चालत निघाले. मी घामानं निथळत, लटपटत मागून आलो. नर्सनं थेट मलाच स्ट्रेचरवर घेतलं.

"अहो, पेशंट ते हायेत!"

"व्हय व्हय, सगळे असंच म्हनत्यात. झोपा."

रूपालीनं आरडाओरडा केला तेव्हा कुठं आण्णांना तपासलं. पेसमेकर ठणठणीत! डॉक्टरांनी मग माझं बीपी बघितलं आणि मला रात्रभर ठेवून घेतलं. सोबतचा नातेवाईक म्हणून उशाशी आण्णा बसले आणि बशीत फुंकून मला चहा पाजत राहिले!