कौसल्याबाईंनी लावलेलं कुलूप

लोणी भापकरच्या शिवारात कौसल्याबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. क्रेटच्या तळाशी किडकी वांगी दडवणारा गडी असो, की भाजीच्या वजनात हात मारणारा व्यापारी असो, बाई त्याची अशी हजेरी घेत की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. व्यापारी मागून म्हणायचे, माल एक नंबर, पण मालकीण नको रे बाबा! आणि तरीही सकाळी पहिला फोन तिलाच करायचे, कारण तिच्या क्रेटमध्ये वरचं वांगं तसंच खालचं.

तिचं माहेर वालचंदनगरचं. वडील कंपनीत कामाला, राहायला क्वार्टर. तिथं भोंगा वाजला की ताटं मांडायची, ही घरातली शिस्त. जेवायच्या वेळेला पोटभर जेवायचं, झोपायच्या वेळेला झोपायचं, आणि अधल्यामधल्या वेळेत तोंड हलवायचं ते फक्त बोलायला. अशा घरातली पोर महिपतीच्या वस्तीवर नांदायला आली आणि तिला नवरा मिळाला तो बोलण्याच्या बाबतीत अगदीच चिक्कू. त्याला काही विचारावं तर 'व्हय', नाहीतर 'न्हाय'. संध्याकाळी एक भाकरी, वर घोटभर आमटी, की झालं, हात धुवून उठायचा. सुरुवातीला तिला वाटलं, आपल्या हाताला चव नाही. नंतर तिनं त्याचाच मोठेपणा केला. चारचौघीत सांगायची, "आमच्यात मोजकं जेवत्यात. राक्षसावानी न्हाय."

आता या मोजक्या जेवणाऱ्याच्या रात्रीचं ऐका. शेतीच्या मोटारीला वीज यायची ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला महिपती बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचा. एका वाफ्याचं पाणी तोडायचं, दुसऱ्यात सोडायचं, आणि मधल्या वेळेत बांधावर बसून जागायचं. जागायला तोंडात काहीतरी हवं, म्हणून कौसल्याबाई स्वतः त्याला गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी बांधून द्यायच्या. त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. कष्टाचं माणूस, खाल्लं तर काय बिघडलं!

मग रानात सोलरचा पंप बसला. ऊन असेल तोवर पाणी, ऊन गेलं की बंद. रात्रीचं जाणं संपलं. कौसल्याबाईंनी पेढे वाटले. पण पाण्याची पाळी दिवसावर आली आणि खाण्याची मात्र रात्रीच राहिली. सगळं घर झोपलं की महिपती उठायचा आणि अंधारात डबे चाचपायचा. भडंग, फरसाण, टोस्ट, नातवाची क्रीमची बिस्किटं, काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटेना. सकाळी गादीवर शेंगदाण्याची फोलपटं सापडायची आणि हा शहाणा म्हणायचा, "उंदीर झाल्यात."

"व्हय, आन ते उंदीर मिशा पुसून तुमच्या शेजारी झोपत्यात!" कौसल्याबाई ओरडायच्या.

रक्तात साखर निघाली तेव्हा हसणं संपलं. गोळ्या सुरू झाल्या, त्याही तो धडपणे घेईना. आणि त्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. साधी ठेच, हळद लावून बरी व्हावी अशी. ती भरेचना. कडेनं काळं पडायला लागलं तेव्हा कौसल्याबाईंनी त्याला हाताला धरून बारामतीला नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण सरळ बोलणारे. रिपोर्ट बघून म्हणाले, "काका, साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि तेवढ्यावर थांबेल याची खात्री मी देणार नाही, पाऊलही जाऊ शकतं. रात्री काय जेवता?"

"एक भाकरी," महिपती म्हणाला. खाली बघून वर पुस्ती जोडली, "आता तर अर्धीच. ही जास्त देतच न्हाय."

खरं होतं ते. साखर निघाल्यापासून कौसल्याबाईंनी त्याची एका भाकरीची अर्धी केली होती. पण डबे कुठं गेले? फरसाण कुठं गेलं? डॉक्टरांपुढं तिनं ओठ दाबून धरले. ते बारामतीच्या स्टँडवर सुटले.

"बिस्किटं सांगायला जीभ झडली व्हती का तुमची? पाय कापला म्हंजी रानात काय सरपटत जानार हाय? मी काय करायचं? तुमचा पाय धुवायचा का वांगी तोडायची?" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. महिपती पिशवी छातीशी धरून बसला होता. त्याचं ते गप्प बसणंच तिला जास्त झोंबलं. भांडणाऱ्याशी भांडता येतं, भिंतीशी काय भांडणार! तिचा आवाज चढत गेला आणि डोळे भरून आले, आणि डोळे भरले याचाही तिला राग आला.

घरी आल्या आल्या तिनं सुनेला, स्वरूपाला, हाक मारली. सगळे डबे स्वयंपाकघरात, दाराला कडी आणि कडीला कुलूप. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. स्वरूपा चाचरत म्हणाली, "आई, मामांना खरंच भूक लागत असंल तर?"

"भूक न्हाय ती, खोड हाय. खोड मोडायचीच असती."

कुलूप बसलं आणि घर शांत झालं. फोलपटं नाहीत, उंदीर नाहीत. कौसल्याबाईंना वाटलं, आपण जिंकलो. पण जखमेचं फडकं बदलताना बघावं तर ती आणखीच चिघळलेली, आणि फडक्याला माती. अंथरुणावरच्या माणसाच्या पायाला माती कुठली? तिनं विचारलं तर उत्तर नाही. भाजी तोडायची गडबड होती, तिनं चरफडत फडकं बदललं आणि गेली.

उत्तर आलं ते एका सकाळी, तात्याबाच्या रूपानं. तात्याबा म्हणजे महिपतीचा थोरला भाऊ, शेजारच्याच वस्तीवर राहणारा. दोघांच्या रानात बांध एकच. तात्याबा कधी घरात येत नसे, ओट्यावरूनच बोलून जायचा. त्या दिवशी मात्र तो तरातरा आत आला आणि सुनेसमोर, वांगी भरणाऱ्या बायकांसमोर म्हणाला, "कौसल्या, माझा भाऊ उपाशी मरतोय तुझ्या घरात. रोज रात्री माझ्या दारात येतो. माझी म्हातारी त्याला चहा-खारी देती, लाडू देती. स्वतःच्या नवऱ्याला जेवाय घालायचं जमत न्हाय व्हय तुला?"

बाईमाणसाला शिवी दिली तर ती एकवेळ गिळेल. पण घरातला माणूस उपाशी ठेवतेस, हे कुणी म्हणू नये. कौसल्याबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, भासऱ्याचा मान म्हणून तेवढाच, आणि त्यानंतर काही म्हणजे काही राखलं नाही.

"लाडू? भावजी, लाडू देता? त्यांचा पाय सडतोय, तुमी वर लाडू घालता? आन तुमी वं?" ती खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडं वळली. "अंधारात, ढेकळातनं, उघडी जखम घिऊन भीक मागाया जाता? माझ्या घरची भाकरी कडू लागली? संध्याकाळी ताटावर बसता तवा मुकाट उठता आन रात्री गावभर तोंड उघडता! पोटभर जेवत का न्हाय तवाच?"

"पोटभर जेवून पान्यावर कोण जातं?" महिपती म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. कुणाला काही कळलं नाही. त्यालाही बहुतेक आपण हे मोठ्यानं बोललो याचं नवल वाटलं असावं. मग तो बोलला, आयुष्यात बोलला नव्हता एवढं एका दमात बोलला.

"लगीन झालं त्या साली पोटभर जेवून गेलो व्हतो. तुझ्या हातची वांग्याची भाजी. बांधावर बसलो आन डोळा लागला. पानी फुटलं ते सगळं तात्याच्या कांद्यात. काढायला आलेला कांदा सडला. ह्यो तात्या रानातनं माझ्या अंगावर धावून आला. म्हनला, गिळून झोपा काढतो, बायको आली तसा बैलावानी चरतो. गडीमानसं हसत व्हती. तवापासनं संध्याकाळी पोट भरून उठलो न्हाय मी. भरलं की भ्या वाटतं. आर्ध्या पोटी झोप लागत न्हाय, मंग उठतो."

तात्याबानं टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा डोक्यावर घातली. त्याला आठवत होतं की नाही कोण जाणे. कांदा सडलेला माणसाला आठवतो, बोललेलं आठवत नाही.

कौसल्याबाई मात्र पेटल्या. तो राग नुसता नवऱ्यावरचा नव्हता. तीस-पस्तीस वर्षं ती या माणसाला वाढत होती आणि तो रोज उपाशी उठत होता, आणि ती मैत्रिणींत मिरवत होती की आमच्यात मोजकं जेवतात! वर साखर निघाल्यावर तिनंच त्याची एका भाकरीची अर्धी केली. जेवढं ताटातून काढलं, त्याच्या दुप्पट तो अंधारात खात गेला. म्हणजे तिची शिस्त, तिचं कुलूप, तिची गळ्यातली किल्ली, सगळं उलटंच झालं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण वांगी भरणाऱ्या बायका बघत होत्या, म्हणून तिनं किल्ली काढून स्वरूपाच्या अंगावर फेकली.

"सोलर बसलाय रानात!" ती नवऱ्यावर ओरडली. "दोन वर्षं झाली! पानी दिवसा येतंय! कुनासाठी जागता तुमी?"

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पोटाला ठावं न्हाय."

त्या संध्याकाळी तिनं वेळेवर ताट केलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर मटकी, पालेभाजी, काकडी, ताक. डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, हे चालेल, पण मग रात्रीचं चरणं बंद. महिपती एक भाकरी संपवून सवयीनं उठायला लागला. तिनं त्याचा हात धरून खाली बसवला.

"झोप यील गं."

"यिऊ द्या! झोपायसाठीच असती रात्र. पानी फुटलं तर मी बघंन. तुमच्या तात्याला मी बघंन."

दुसरी भाकरी त्यानं कुणीतरी कोर्टात उभं केल्यासारखी खाल्ली. एकदम काही सरळ झालं नाही. रात्री ठरल्या वेळेला त्याचे डोळे उघडायचेच. तो उठून बसायचा, भिंतीकडं बघायचा. कौसल्याबाईही उठायच्या, लाखोली वाहत त्याला पाणी द्यायच्या आणि पाय उशीवर नीट ठेवून पुन्हा आडवं करायच्या. डबे उघडे होते. त्यानं एकदा फरसाणाच्या डब्याला हात लावला आणि काढून घेतला. हळूहळू उठणं विरळ झालं. एक दिवस तो उजाडेपर्यंत घोरत राहिला, तर तिचाच जीव घाबरा झाला आणि तिनं त्याला हलवून उठवलं.

साखर खाली आली. अंगठा मात्र राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, "काकू, पाऊल वाचलं ते साखर उतरली म्हणून. पण अंगठा आधीच गेलेला होता. थोडं लवकर झालं असतं तर." त्या 'थोडं लवकर'नं कौसल्याबाईंच्या काळजाला घरं पडली. ऑपरेशनच्या दिवशी जिच्या तोंडाला गाव भ्यायचं ती बाई दवाखान्याच्या बाकड्यावर दातावर दात धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्याबा भेटायला आला. पेशंटला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून पिशवी भरून आला होता. बिस्किटाचे पुडे, खारी, शेव आणि घरच्या लाडवांचा डबा. खाटेवर पिशवी ठेवत तो म्हणाला, "महिपती, खा बाबा. अंगात ताकद यिऊ दे."

कौसल्याबाई ताडकन उठल्या. आता या म्हाताऱ्याला वयाचा मान न देता काय बोलायचं ते तिच्या जिभेवर तयार होतं. पण तिच्या आधी खाटेवरून आवाज आला. सबंध वॉर्ड वळून बघेल असा, आणि तो महिपतीचा होता.

"उचल ती पिशवी! तुझा कांदा गेला आन माझा अंगठा गेला. आजून काय पायजे तुला? उचल म्हनतो ना! माझ्या जेवायच्या टायमाला ह्ये माझ्याम्होरं आनायचं न्हाय!"

शेजारच्या खाटेशी बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला. तात्याबानं पिशवी उचलून कुशीत घेतली, पण गेला नाही, भिंतीला टेकून खालीच बसला. त्याचे डोळे भावाच्या पायाच्या पांढऱ्या पट्टीवरून हलेनात.

महिपती अजून धापा टाकत होता. त्यानं कौसल्याबाईंकडं बघितलं.

"भूक लागलीया मला," तो म्हणाला. "वाढ. पोटभर वाढ."

सबंध संसारात त्यानं कधी तिच्याकडं मागून घेतलं नव्हतं. तिनं डबा उघडला. ताटलीत दोन्ही भाकऱ्या मांडल्या, भाजी वाढली, काकडी कापली. राग गेला नव्हता, तसूभर गेला नव्हता. पण आता तो तिला एकटीला करावा लागत नव्हता.