न विसळलेला कप
हॉटेलात वेटरनं माझा रिकामा कप उचलला की मला समुद्राचा खारा वारा आठवतो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, गावोगाव धुसफूस होती. बँकेत लागलेला थोरला भाऊ आम्हाला कोकणातल्या एका रिसॉर्टवर घेऊन गेला. नारळीच्या सावलीत चहा झाला अन् वडील सवयीनं कप घेऊन नळ शोधायला निघाले. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीचे कप बाहेर कोनाड्यात वेगळे असायचे. प्यायचा अन् आपला आपण विसळून ठेवायचा. वेटर धावत आला. "काका, तुम्ही पाहुणे. कप आम्ही उचलायचा." वडिलांनी कप परत टेबलावर ठेवला अन् वेटर तो कसा उचलतो ते बघितलं. परतल्यावर पालमच्या एसटीतून उतरले ते थेट गावच्या त्या हॉटेलात शिरले, आतल्या बाकावर बसले अन् आतल्याच कपात चहा मागितला. मालकानं कुरकुरत दिला. चहा संपल्यावर म्हणाला, "इसळून ठेव तेवढा." वडील म्हणाले, "मी गिऱ्हाईक हाय. तू उचल." कढईतला झारा थांबला. दारात माणसं जमली. "लय माज आलाय का रे?" कुणीतरी ओरडलं. बाहेर उभ्या आईनं माझा हात घट्ट धरला. वडील हलले नाहीत. शेवटी मालकानं दोन बोटांनी कप उचलला, तेव्हा ते म्हणाले, "आता अजून एक आण. साखर जास्त टाक." वडील आता नाहीत. मी मात्र कुठल्याही हॉटेलात कप टेबलाच्या मधोमध ठेवते, अन् कुणी उचलेपर्यंत उठत नाही.