नांगराचा वाकडा दात

टेबलावरून नाहीशी झालेली वस्तू कपाटाखालीच सापडते, या अनुभवाने मी आज पालथा पडून बॅटरी मारत होतो.

"काय हरवलं?" बायकोने विचारलं.

"नांगर."

"आमच्या सोलापुरात नांगर कपाटाखाली जात नाही हो. शेतात असतो."

माझा नांगर मचव्याचा, म्हणजे शिडाच्या होडीचा. पितळी तारेचा, चार दातांचा, वाटाण्याएवढा. तीन रविवार घासून केलेला.

बाबांचा खरा मचवा विकून वीस वर्षं झाली. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. निदान बोटांना तरी तो पुन्हा भेटावा, म्हणून छोटा मचवा बनवायचा हा खटाटोप. ते सांगतात, मी आराखडा काढतो. पण माझी पट्टी सरळ चालते आणि त्यांची आठवण हेलकावे खाते. दर आठवड्याला डोलकाठी बोटभर पुढे सरकते. त्या मचव्यात पट्टीने आखलेलं मुळात काही होतं का, ही शंका मला खोडरबर संपत आल्यावर आली.

"हा शोधतोयस का?" खाटेवरून बाबा म्हणाले. नांगर त्यांच्या मुठीत होता. सकाळी टेबल चाचपताना मिळालेला. एक दात त्यांनी दाबून पार वाकवला होता.

"खडकात अडकून वाकला होता हा. तू सरळ केलास. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची होडी."

तीन रविवार. मी आराखड्यातला तो दात खोडला आणि वाकडा काढला. उरलेले तीन कसे होते, हे विचारायचं धाडस काही झालं नाही. बाबा मात्र अजून ते चाचपतच होते.