माझ्या गंगाची हाक सड्यापार जाते

आमच्या गंगासारखा आवाज अख्ख्या डिचोली तालुक्यात कुणाचा नाही. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण कान माझे चांगले आहेत. लहानपणी ती आमच्या सर्वण गावच्या शेतातून "दादाऽऽ" म्हणून ओरडली की डिचोलीच्या बसस्टँडवर माणसं वळून बघायची. वाढवून सांगतोय असं वाटलं तर वाटू दे. आवाज माझ्या बहिणीचा आहे, मी सांगणार.

तिला दिली वर घाटात, चोर्ल्याच्या बाजूला. घरं थोडी, त्यांच्यावर रान आणि रानाच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ, नजर पोचणार नाही एवढा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात मात्र त्याच कातळावर गुडघ्याएवढं गवत येतं, आणि गणेशचवथीच्या दिवसांत सीतेची आसवं फुलतात, जांभळी, बारीक. पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. टिटव्या ओरडत असतात. झुडपांत हिरवा चापडा साप पानासारखा बसलेला असतो. गव्यांचा कळप तर आपल्या बापाचं रान असल्यासारखा फिरतो, आणि खरं म्हणजे आहेच ते त्याच्या बापाचं. आमच्या गावातल्या बायका म्हणायच्या, "गंगाक कशाक गो रानात घातलीत?" मी म्हणायचो, एकदा वर जाऊन बघा, मग बोला. एकही गेली नाही. जळवांना घाबरतात.

गंगाचा नवरा गौरेश तुयेला कारखान्यात कामाला. तिकडेच खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी येतो. सासू नाही. घरात गंगा आणि सासरा सगुण. म्हातारा कामाचा, पण तोंडाचा कडक. लग्न होऊन ही गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिने म्हशींना हाक मारली. म्हशी आल्याच, शिवाय खालच्या वाड्यावरची माणसंही काय झालं म्हणून बघायला आली. सगुणला लाज वाटली. म्हणाला, "बायलमाणसाचो आवाज वईच्या भायर जावचो नाय." वई म्हणजे घराभोवतीचं कुंपण. तेव्हापासून गंगा म्हशींना पत्र्याचा डबा वाजवून बोलवायची. माझी बहीण, आणि डबा! मी गेलो की घरात उंदरासारखी बोलायची. सगुणला चार शब्द सुनवावे असं वाटायचं. पण सोयरा पडला, बोलणार काय?

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी पिकअप घेऊन वर गेलो. नारळ नेले, साखळीच्या पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे-पाव नेले. गौरेश अजून तुयेहून यायचा होता. घरात माटोळी बांधायची चालली होती. गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. सगुणची माटोळी म्हणजे त्याची अब्रू. दुसऱ्याकडून आणलेलं एक पान त्यात कधी लागलं नाही. त्या दिवशी कांगण्यांचे, म्हणजे रानवेलीच्या मण्यांएवढ्या फळांचे, घोस तेवढे राहिले होते. ते आणायला म्हातारा जेवून सड्यावर गेला होता. कड्याच्या टोकाला त्याची ठरलेली वेल आहे.

चहा झाला आणि धुकं उतरलं. अंगणातली तुळस दिसेना. सगुणचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला.

शेजारचा बाबाजी आला. हे दोघे म्हातारे लहानपणापासून एकमेकांशी भांडत आलेत. म्हणाला, "येतलो तो. सडो तेका पाठ आसा."

"पाठ आसा, पण पाय घसरूक वेळ लागना नाय," गंगा म्हणाली, डबा उचलला आणि निघाली. मागून आम्ही दोघे.

वर पोचलो तर सगळं पांढरं. चारी बाजूंनी धबधब्यांचा आवाज. कडा पुढे आहे की मागे, तेही कळेना. सड्याचा कडा असा सरळ तुटलेला आहे की खालच्या झाडांचे शेंडे धुक्यात गवतासारखे वाटतात. गंगाने डबा वाजवला. तो आवाज धुक्याने तिथेच गिळला. बाबाजीने हाक मारली, "सगुणाऽ!" काही नाही. मग कुठून तरी शीळ आली, अगदी माणसाने घालावी तशी. मी म्हटलं, सापडला! आणि सुटलो पळत. गंगाने मागून माझा शर्ट धरला.

"दादा, थांब! तां पाखरू आसा. फुडे कडो आसा."

मी खाली बघितलं. माझ्यापुढे गवत होतं आणि गवतापुढे काहीच नव्हतं.

मग तिने डबा खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, "मामंजीऽऽ!"

काय सांगू तुम्हांला. टिटव्या उडाल्या. बाबाजीने कानावर हात ठेवला. इतकी वर्षं तो आवाज आत बसला होता, पण तसूभर कमी झाला नव्हता. मी बाबाजीला म्हटलं, "ऐकलंत? आमच्या सर्वणचा आवाज!"

"ऐकलंय रे. पण तेणी खंय ऐकलो?"

तिने पुन्हा मारली. पुन्हा. उत्तर नाही. उजेड कमी व्हायला लागला होता. माझा धीर सुटला. म्हटलं, पडला की काय म्हातारा?

गंगा म्हणाली, "ते ऐकतत. मुद्दाम ओ देनत नाय. तेंका वाटता, चकवो."

तिकडे सगळे मानतात, धुक्यात चकवा फिरतो आणि घरच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन बोलावतो. ओ दिली, मागून गेलं, की कड्यावरून खाली. त्यामुळे किती का हाका येईनात, शहाणा माणूस तोंड मिटून बसतो.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"चकवो मायेन बोलयता, दादा. झगडना नाय." एवढं बोलून तिने श्वास भरला आणि धुक्यावर ओरडली, "मामंजीऽऽ! तुमच्यान कांगण्या मेळूच्यो नाय! मी बाबाजीकाकाच्या घरासून हाडलंय! त्योच बांधतंय तुमच्या माटोळीक!"

मग डावीकडून, लांबून, असा आवाज आला की गवाच डुरकला म्हणा.

"हात लावशीत तर बघ! ते किडक्ये घोस माझ्या गणपतीक?"

"किडक्ये?" बाबाजी उसळला. "कोणाचे रे किडक्ये?"

"काका, मागीर झगडा!" गंगा म्हणाली. आणि सासऱ्याला, "मामंजी, आसात थयच बसा! पाय हलवू नकात!"

"माका हुकूम सोडतंस?"

"होय, सोडतंय! बसा!"

बसला! मी तुम्हांला सांगतो, सगुणला बस म्हणणारं माणूस त्या घाटात दुसरं नाही.

आम्ही आवाजाच्या दिशेने निघालो. गंगा पुढे, एकेक पाऊल कातळावर आपटून बघत. मध्येच थांबली, हात आडवा केला. धुक्यात काळे ढीग उभे होते. एक ढीग हलला, फुस्स करून श्वास सोडला. गवे! पांढरे मोजे घातल्यासारखे पाय तेवढे स्पष्ट दिसत होते. मी बाबाजीच्या मागे झालो. गंगा हलली नाही की मागे सरली नाही. म्हशींशी बोलतात तशी हळू म्हणाली, "जावा बाबांनो, आमका म्हातारो न्हेवचो आसा." मोठा गवा तिच्याकडे बघत राहिला, मग वळला, आणि त्याच्यामागून सगळे उतारावर गेले.

सगुण कड्याला पाठ करून बसला होता. घोटा मुरगळलेला. मांडीवर कांगण्यांचे घोस, हिरवेगार, एकही मणी तुटला नव्हता. गंगाला बघून म्हणाला, "आवाज तुझोच वाटलो. म्हणानच ओ दिली नाय. पण चकव्याक बाबाजीच्यो कांगण्यो खंयच्यान ठावक असतल्यो?"

मी आणि बाबाजीने त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. गंगा पुढे झाली आणि दोन पावलांत दिसेनाशी झाली. आता सगळं झालं होतं, म्हणून पदर सावरून ती गप्प चालायला लागली होती.

सगुण थांबला. "गप कशाक झालंस गो? बोलत रव! आमी खंयच्या बाजून येवचा?"

"काय बोलू, मामंजी?"

"काय्येक बोल! शिव्यो घाल बाबाजीक, पण मोठ्यान!"

मग ती बोलायला लागली. म्हशींची नावं घेतली, माझं नाव घेतलं, डाव्या अंगाला डबरं आहे म्हणून सांगितलं, आरतीसुद्धा म्हटली. तिच्या आवाजाला धरून आम्ही तिघं सडा उतरलो. खाली पोचलो तर खालच्या वाड्यावरची माणसं बॅटऱ्या घेऊन वाटेवर जमलेली. कुणीतरी विचारलं, "मघापासून कोण गो ओरडता?"

मी छाती काढून सांगणारच होतो. पण सगुणने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि एका पायावर उभा राहिला.

"आमची सून," तो म्हणाला. "तुमका काय त्रास आसा?"