नवऱ्याने न मारलेलं हरीण

दर नोव्हेंबरात माझा नवरा शिकारी होतो. उरलेलं वर्षभर तो ॲन आर्बरमधला निवृत्त भूलतज्ज्ञ असतो आणि बेसमेंटमध्ये कोळी दिसला तर मला हाक मारतो. त्याच्या हॉस्पिटलमधल्या एका जुन्या सहकाऱ्याची मिशिगनच्या पार उत्तरेला, जंगलात केबिन आहे. तिथे हे दोघे बंदुका घेऊन जातात. नवऱ्याची पाठ धरते, म्हणून गाडी चालवायला मी.

यंदा हरीण मिळालं. सहकाऱ्याने मारलं, त्यानेच सोललं, कापलं. माझा नवरा तेव्हा मचाणावर गाढ झोपला होता. गोळीच्या आवाजाने दचकला आणि थर्मास खाली पाडला. हे मला सहकाऱ्यानेच सांगितलं आणि निघताना अर्धं मांस आमच्या बर्फाच्या कूलरमध्ये भरून दिलं.

परतताना सामुद्रधुनीवरचा मोठा पूल ओलांडला आणि नवऱ्याने फोन गाडीच्या स्पीकरला जोडला. पहिला फोन कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या मित्राला.

"अरे, यंदा जमलं!"

कोणाला जमलं, ते सांगितलं नाही. दुसऱ्या फोनवर "आम्ही मारलं" झालं. पंपावर गॅस भरून पुन्हा हायवेला लागलो तेव्हा तिसऱ्या फोनवर "मी" आला. शिंगांचे फाटे सहावरून दहावर गेले. वाराही सुटला होता आणि याने म्हणे श्वास रोखून धरला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवलेला माणूस, निदान स्वतःचा तरी खरा सांगावा! गाडीत हीटर चालू, घामाच्या धारा लागलेल्या, पण ते नारिंगी जाकीट काही अंगातून निघेना.

मग न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेट, बाबा, डिड यू क्लीन इट युअरसेल्फ?"

"म्हणजे... सोलणं-कापणं सगळं मिळून करतो ना आम्ही."

"आई, खरंच बाबांनी मारलं?"

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "बाबा इथेच बसलेत. त्यांनाच विचार."

"रेंज जातेय गं," म्हणत त्याने फोन कट केला. रेंज उत्तम होती.

फोन त्याने जाकिटाच्या खिशात टाकला. मग मला म्हणाला, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तू नाही म्हणाला असतास तर?"

"तुला कशाचं कौतुकच नाही."

"आहे ना. थर्मास फुटला नाही, याचं आहे."

घर येईपर्यंत तो बोलला नाही. इतका निवांत प्रवास मी अनेक वर्षांत केला नव्हता.

पुढच्या शनिवारी मित्रमंडळी जेवायला आली. मी त्याच हरणाचा तांबडा रस्सा केला होता. नवरा पुन्हा सुरू झाला. आता त्याच्या गोष्टीत बर्फही पडायला लागलं होतं. मी वाढता वाढता स्पष्ट सांगितलं, "गोळी यांच्या मित्राची. हे झोपले होते."

सगळे खो खो हसले. "वहिनी म्हणजे ना, अगदी ड्राय ह्यूमर!" एक जण म्हणाला आणि त्याने वाटी पुढे केली. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि वारा कुठल्या दिशेचा होता ते सांगू लागला.